पाटाखालची आळी

आज आखाजी आहे आणि मी असोद्यातच आहे. घरातली माणसं माझ्याकडे चोरून बघतात. सूनबाईने आमरस केला, पुरण केलं, मला कशाला हातही लावू दिला नाही. हे केळीच्या बागेतून आले, पाय धुतले आणि काही न विचारता माझ्याजवळ ओट्यावर बसून राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आखाजीच्या दिवशी मी त्यांना घरात दिसले अशी ही पहिलीच वेळ. शेजारीण तेवढी कुंपणावरून विचारून गेली, "माहेरी नाही गेली वं यंदा?" मी म्हटलं, "उन्हं फार आहेत." उन्हं तर दरवर्षीच असतात.

बाहेरच्या लोकांना अक्षय तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा दिवस. आमच्या खानदेशात ती आखाजी, आणि ती लेकींची. सासरी कितीही मान असू दे, कितीही वय होऊ दे, आखाजीला लेक माहेरी असलीच पाहिजे. तिला न्यायला माहेरचा माणूस येतो, त्याला मुराळी म्हणतात. मग घरोघरी आलेल्या लेकी, लिंबाच्या झाडांना बांधलेले झोके, झोक्यावरची गाणी, कपाळाला आलेला घाम, ओठांवर रसाचा पिवळेपणा. पितरांसाठी पाण्याची घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं आणि गेलेल्या माणसांना नावाने हाक मारायची. एरवी कोणाच्या ध्यानात नसलेली माणसं त्या दिवशी घरात येऊन पाणी पिऊन जातात असं आई सांगायची. मला लहानपणी त्याची भीती नव्हती वाटत. उन्हातून आलेल्या माणसाला पाणी द्यायचं, त्यात भ्यायचं काय?

माझं माहेर धुळ्याच्या पश्चिमेला, एका लहान नदीच्या काठी. नदीवर दगडी बंधारा आहे. तो कुणी बांधला ते गावात कुणालाच सांगता येत नाही, पण कधी काळी बांधणाऱ्याचे आभार मानल्याशिवाय कुणी त्याच्याबद्दल बोलतही नाही. बंधाऱ्यातून मातीचा पाट निघायचा आणि गावाला वळसा घालून शिवारात जायचा. शिवाराचे मोठाले तुकडे, त्यांना फड म्हणायचे. एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं, पाणी पाळीपाळीने घ्यायचं, आणि पाट साफ करायच्या दिवशी प्रत्येक घरातून एक माणूस कुदळ-फावडं घेऊन हजर. जो येणार नाही त्याची वर्षभर टिंगल. आमच्या एका चुलत्याला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी पाटात उतरवलं होतं, हळदीच्या अंगाने. त्याची बायको म्हातारी झाली तरी त्या गोष्टीवरून त्याला चिडवायची.

उन्हाळ्यात वरच्या धरणातून आवर्तन सुटलं की पाट वाहता व्हायचा. शेतात मधेच चालता चालता पाण्याचा आवाज आधी यायचा आणि गारवा नंतर. पाटाच्या दोन्ही अंगाला लिंब, करंज, जांभूळ. जांभळाखालची माती कायम जांभळी. पाटाच्या खालच्या अंगाला एक आळी होती, तिला सगळे पाटाखालची आळी म्हणत. तिथल्या कुणाच्या नावावर फडात गुंठाभरही जमीन नव्हती, म्हणून पाटाच्या पाण्यात त्यांची पाळीही नव्हती. पण त्यांच्या विहिरी भर वैशाखात वाकून लोटा बुडवावा इतक्या वर भरलेल्या. परसात वांगी, मिरच्या, मेथी, गवार. वरच्या आळीतल्या बागायतदारणी भाजी खालच्या आळीतून घ्यायच्या, आणि त्यात कुणाला काही नवल वाटत नसे.

माझा भाऊ, नाना, लहानपणापासून गळतीच्या मागे लागलेला. शाळेत जाताना तो पाटाच्या कडेने जायचा आणि जिथे खेकड्याने बीळ केलं असेल, पाणी झिरपत असेल, तिथे दप्तर ठेवून चिखलाचे गोळे थापत बसायचा. मास्तर ओरडायचे, आई ओरडायची, पण पाळीचं पाणी सोडणारा पाटकरी त्याची पाठ थोपटायचा. आमच्याकडे गळती बुजवणं म्हणजे पुण्य. पाटात कुणी मुद्दाम भोक पाडलं तर त्याच्याशी कुणी बोलत नसे, लग्नाला बोलवत नसे. त्यामुळे नाना चांगला मुलगा समजला जायचा, आणि मी दप्तर सांभाळत उन्हात उभी राहणारी त्याची बहीण.

मोठेपणी तो आमदार झाला. आमदार म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर जे येतं तसलं त्याचं काही नव्हतं. गाडी स्वतः चालवायचा, हार गळ्यात पडायच्या आधीच हातात घ्यायचा. त्याचा हट्ट एकच, काम वेळेवर झालं पाहिजे. तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत त्याने फळा लावून घेतला: कोणता दाखला किती दिवसांत, कोणती तक्रार कुणाकडे. तो न सांगता कुठल्याही पंचायतीत जाऊन बसायचा, ग्रामसेवक येईपर्यंत. पंचायत समितीत त्याचं नाव निघालं की लोक घड्याळ बघायचे, यावरून मी त्याला फार छळलं. आणि फोन तो कुणासाठीच करत नसे. माझ्या मुलाच्या बदलीसाठी मी त्याच्या मागे लागले, रडले, भांडले. त्याने फोन केला नाही. मी वर्षभर त्याच्याशी धड बोलले नाही. पुढे मुलगाच म्हणाला, मामाने केलं ते बरोबर केलं. तेव्हापासून मीच ती गोष्ट चारचौघांत कौतुकाने सांगायला लागले.

आखाजीला मात्र तो स्वतः मुराळी म्हणून यायचा. अधिवेशन असो, मंत्र्यांचा दौरा असो. असोद्याच्या पारावरची माणसं म्हणायची, "आमदार आला, आता कुसुमबाईचं गाठोडं बांधा." मला त्याचा किती अभिमान वाटायचा ते आता लिहितानाही कळतंय.

विधानसभेत तो पाण्यावर बोलायचा. लक्षवेधी लावायचा, प्रश्न विचारायचा, कागद घेऊन मंत्र्यांच्या दालनाबाहेर उभा राहायचा. त्याचं म्हणणं साधं होतं. धरणात पाणी आहे, शेवटच्या शेतात नाही. मधे ते मातीत जातं. उघडे पाट बंद करा, जमिनीखालून पाईप टाका, सरकारी भाषेत बंद नलिका. थेंबभरही वाया जाणार नाही. कितीतरी वर्षं त्याचं कुणी ऐकलं नाही. मग ऐकलं, आणि पहिला प्रयोग कुठे करायचा असं विचारल्यावर तो म्हणाला, आधी माझ्या गावात. यात त्याची काही लबाडी नव्हती. दुसऱ्याच्या गावावर प्रयोग करायला त्याचं मन धजावलं नाही, एवढंच.

ग्रामसभेला मी योगायोगाने तिथे होते. एकाही माणसाने विरोध केला नाही, हे मला स्पष्ट सांगायचं आहे, कारण नंतर जो तो म्हणायला लागला की आम्हाला शंका होतीच. कुणालाही शंका नव्हती. म्हातारा पाटकरी म्हणाला की त्याचे पाय दुखतात, पाईप आले तर देव पावला. बायका म्हणाल्या पाटात पोरं पडतात. पाटाखालच्या आळीतली यमुनाअक्का, मला मोठी बहीण शोभेल अशा वयाची, पदर कमरेला खोचून सगळ्यांत पुढे बसली होती. तिनेही हात वर केला. पिढ्यानपिढ्या गळती म्हणजे पाप असं मानणाऱ्या गावाला, ते गळणारं पाणी शेवटी जातं कुठे, हा प्रश्न सुचणार तरी कसा? दुसरं एखादं गाव असतं, आळशी, पाटाकडे दुर्लक्ष करणारं, तर कदाचित वाचलं असतं.

पहिलं वर्ष सुरेख गेलं. पाऊस बरा झाला. शिवाराच्या टोकाला, जिथे वर्षानुवर्षं पाणी कधी पोचलंच नव्हतं, तिथली माणसं उन्हाळ्यात भुईमूग काढायला लागली. त्यातला एक जण नानाच्या पाया पडला आणि नाना ओरडला त्याच्यावर. इतर तालुक्यांतून, चाळीसगावकडून, पार जळगावकडून लोक गाड्या भरभरून योजना बघायला येत. जुना पाट मुरूम टाकून बुजवला आणि त्याच्यावर सिमेंटचा रस्ता झाला. पोरी त्यावरून सायकलने शाळेत जायला लागल्या, आजारी माणसाला न्यायला गाडी घरापर्यंत यायला लागली. हे सगळं चांगलंच होतं. मी ते चांगलं नव्हतं असं म्हणणार नाही, कितीही राग आला तरी.

गेल्या वर्षीच्या आखाजीला मी गेले तेव्हा गावात शिरताना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळेना. नव्या रस्त्यावरून नानाची गाडी आवाज न करता चालली होती. मग लक्षात आलं, सावली नव्हती. चैत्र संपता संपता लिंबाला कोवळी तांबूस पालवी असते, खाली फुलांचा सडा असतो, त्याचा कडवट गोड वास पार नाकात जातो. त्या वर्षी लिंब होते, पण फांद्यांच्या टोकांना काहीच नव्हतं. जांभूळ उभ्या उभ्या वाळली होती. करंजाच्या सालीला बोट लावलं तर साल हातात आली. मी नानाला विचारलं, "झाडंसले काय व्हयनं रे?" तो समोर बघत म्हणाला, "रस्ताना कामात मुळं दुखावनी व्हतीन." त्याच्या आवाजावरून मला कळलं की त्याला हे उत्तर स्वतःलाही पटलेलं नाही.

झोके बांधायला झाडं उरली नव्हती. म्हणजे झाडं होती, पण लेकीबाळींना त्यांच्या फांद्यांवर कोण बसवणार? कार्यकर्त्यांनी पंचायतीसमोर लोखंडी खांब रोवून त्याला साखळीचे झोके लावले होते, वर नानाच्या शुभेच्छांचा फलक. उन्हात साखळी अशी तापायची की हात लावला की सटकन मागे घ्यावा लागे. पोरी संध्याकाळपर्यंत थांबल्या, मग हाताला ओढणी गुंडाळून थोड्या खेळल्या. गाणी झाली, पण गाण्यात जीव नव्हता. माझ्या वयाच्या बायका नुसत्याच बसून राहिल्या.

मी पाटाखालच्या आळीत गेले. यमुनाअक्का ओसरीत बसली होती. तिच्या मागे परस दिसत होतं. एके काळी जिथे वांग्यांच्या ओळी होत्या तिथे माती भेगाळून वर आली होती. विहिरीवर दोर लांबवून लांबवून त्याला गाठीच गाठी झालेल्या. मी वाकून बघितलं. खाली ओला गाळही नव्हता, दगड दिसत होते, आणि त्यावर एक फुटकी बादली. माझ्या लहानपणी या विहिरीत आमचं तोंड दिसायचं. अक्का मागून म्हणाली, "कुसुम, तू कव्हय उनी? बस. पानी देस तुले." आणि तिने मला तांब्या दिला तो टँकरच्या पाण्याचा. त्याला पत्र्याचा वास येत होता. मी ते प्यायले, सगळं प्यायले, कारण उरलं तर तिला वाईट वाटलं असतं.

"घागर बी टँकरना पानीनी भरी," ती म्हणाली. "पितरसले चालस का नही, माले माहीत नही."

टँकर मात्र अगदी वेळेवर यायचा. नानाच्या तालुक्यात उशीर कुठेच चालत नसे. सगळी आळी हंडे घेऊन उभी राहायची, टँकर यायचा, नळी सोडायचा आणि ठरलेल्या वेळी निघून जायचा. तक्रार करायला जागाच नव्हती. विहीर आटली याची तक्रार कुणाकडे करायची, त्यासाठी फळ्यावर रकाना नव्हता.

दुपारी अक्का नानाच्या घरी आली. घरात पाहुण्यांची गर्दी, रसाच्या वाट्या, माशा. ती आत आली नाही, ओट्यावरच बसली. नाना बाहेर गेला, तिच्याजवळ बसला. अक्काचा आवाज एवढासाही चढला नव्हता. ती एखादं साधं काम सांगावं तसं म्हणाली, "नाना, तुन्हा पाईपले एखादं भोक पाडी दे ना. मन्ही विहीरजोडे. बोटनी येवढं."

नाना हसला. आम्ही दारात उभ्या होतो त्याही हसलो. मग त्याचं हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. मी त्याला तेव्हा नीट बघत होते. त्या क्षणी त्याला सगळं कळलं. जे पाणी वाया जातं म्हणून तो उभी हयात ओरडत होता, ते वाया जात नव्हतं. ते या बाईच्या विहिरीत जात होतं, तिच्या वांग्यांत, लिंबाच्या पालवीत, आमच्या झोक्याच्या सावलीत जात होतं. त्याने ते सगळं नळीत कोंडलं होतं. आपल्या हाताने, चांगल्या मनाने, सगळ्या गावाच्या टाळ्या घेत.

"अक्का, ते पानी फडवालासना हिस्सानं शे," तो हळूच म्हणाला. "कायद्यामा तुन्हा हिस्सा नही."

"कव्हय व्हता?" अक्का म्हणाली. "तरी पानी येये ना."

ती उठली, पदराने ओटा पुसल्यासारखं केलं आणि गेली. वहिनीने तिच्या हातात रसाचं भांडं दिलं होतं, ते तिथेच राहिलं.

आखाजीनंतर मी दोन-चार दिवस राहते, तशी राहिले. त्या दिवसांत भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, अक्काचा मुलगा गोपाळ पहार घेऊन गेला आणि त्याने आळीच्या वरच्या अंगाला पाईप फोडला. आवर्तन चालू होतं. पाण्याचा असा फवारा उडाला की लोक आधी पळाले आणि मग परत धावत आले. बायका हंडे, बादल्या, पातेली, मिळेल ते घेऊन आल्या. पोरं नागडी होऊन नाचली. म्हाताऱ्या बायकांनी पाय पाण्यात सोडले आणि त्या नुसत्या बसून राहिल्या, डोळे मिटून. पाणी उतारावरून आळीत शिरलं, परसात शिरलं, भेगांमधून खाली गेलं. तहानलेली जमीन पाणी पिताना आवाज करते, तो मी खूप वर्षांनी ऐकला. अक्काच्या विहिरीच्या कडेचे दगड ओलसर झाले. गोपाळ पहार टेकवून कपाळावरचं पाणी पुसत उभा होता, आणि मला तो फार सुंदर दिसला.

मग व्यवस्था आली. फुटीची तक्रार लगेच गेली, माणसं लगेच आली, पंचनामा झाला, पाईप जोडला गेला, आणि ऊन कलायच्या आत गोपाळला पोलीस घेऊन गेले. पाईपची मोडतोड करणाऱ्यावर ताबडतोब कारवाई व्हावी यासाठी नानाच विधानसभेत भांडला होता. त्याने मागितली होती तशीच ती झाली. कुणी टाळाटाळ केली नाही, कुणी पैसे मागितले नाहीत. एवढं चोख काम मी माझ्या आयुष्यात सरकारी खात्यात पाहिलं नव्हतं.

अक्का पुन्हा आली. या वेळी ती ओट्यावरही बसली नाही, अंगणात उभी राहिली. नाना म्हणाला, "अक्का, मी फोन नही करस. कोनाकरता बी नही करा. हाई कुसुम उभी शे, तिले इचार." त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, कारण ते खरं होतं.

"फोन नको करू," अक्का म्हणाली. "तू फक्त सांग ना, बठ्ठ्या गावना समोर. पाईपमुये आम्हन्या विहिरी आटन्यात, इतलंच सांग. तू सांगं ते लोक ऐकतीन. मन्हा पोऱ्या चोर नही शे."

तिने मागितलं ते एवढंच होतं, आणि एवढंच नानाला जड होतं. काय करता येईल हे त्याला त्या दिवसांत समजलं होतं, मला त्यानेच सांगितलं. आवर्तनाच्या वेळी पाईपला जागोजागी तोंडं ठेवून थोडं पाणी जमिनीत सोडता येतं. खर्चही फार नाही. पण त्यासाठी आधी म्हणावं लागेल की हे पाणी जमिनीला लागतं, आणि मग ज्या योजनेचं सगळं नाव थेंबही न गळण्यावर उभं आहे ती मुळातच चुकली होती असं होतं. त्याच वेळी हीच योजना आजूबाजूच्या सगळ्या नद्यांवर न्यायचा निर्णय सरकारात होत आला होता. "मी आते बोललो," तो म्हणाला, "ते विरोधक योजनाच बंद पाडतीन. टोकवरला शेतकरी परत कोरडा. त्याले कोन पानी देई? तू?" टोकावरचा तो माणूस, भुईमूग हातात घेऊन पाया पडणारा, माझ्याही डोळ्यांसमोर होता. हा प्रश्न खोटा नव्हता. आणि तरीही मला दिसत होतं की नाना त्या माणसाच्या आड उभा आहे.

गोपाळ जामिनावर सुटला, पण खटला चालू राहिला. गावात राहून विहीर नाही, भाजी नाही, वर दर तारखेला धुळ्याला जायचं. पावसाळ्याच्या आत ती मायलेकरं सुरतेला गेली. आमच्याकडची माणसं तिकडे जातातच, यंत्रमागावर, साडीच्या गोदामांत. अक्काचे एक नातेवाईक तिथे होते. घराला कुलूप लागलं. पुढे आळीतली आणखी घरं रिकामी झाली. मी ते बघायला गेले नाही, वहिनीने सांगितलं. सांगताना तिचा आवाज बारीक झाला होता. तिची भाजीवाली गेली होती, आणि त्याहून जास्त काहीतरी.

हिवाळ्यात मी नानाचं विधानसभेतलं भाषण मोबाईलवर ऐकलं. नातवाने लावून दिलं. नाना छान बोलतो, नेहमीच. समोरच्या बाकावरून कुणीतरी विचारलं की या योजनेचे काही दुष्परिणाम? त्याने समोरचे कागद जुळवले. मग तो म्हणाला, "सुरुवातीच्या किरकोळ अडचणी होत्या, त्या वेळेत सोडवल्या." बाकं वाजली. मी मोबाईल नातवाच्या हातात दिला आणि बागेत गेले. ठिबकचा थेंब पडत होता, मुरत होता. मला माझ्या भावाचा राग आला, पण त्याहून जास्त दया आली, आणि दयेची मला लाज वाटली.

परवा तो आला. मुराळी म्हणून, स्वतः गाडी घेऊन. म्हातारा दिसायला लागलाय. पारावरच्या लोकांशी दोन शब्द बोलला, माझी पिशवी मागच्या सीटवर ठेवली. आम्ही निघालो. जळगाव मागे पडल्यावर म्हणाला, "एरंडोलला थांबूत. मंगलले लई चालसू." मंगल ही अक्काची मुलगी, एरंडोलला दिलेली. तिची आई सुरतेला, घर बंद. आखाजीला तिला न्यायला कोण येणार? नाना म्हणाला, "आपला घर ऱ्हाई. आपलीच आंडेर, आपलीच लेक शे ना ती." मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी खिडकीची काच खाली केली आणि गरम वारा तोंडावर घेतला. मला वाटलं, हा परत येतोय. बोलून नाही तर असं तरी.

मंगलच्या घरापुढे गाडी थांबली तेव्हा गल्लीतल्या बायका दारात आल्या. आमदार न्यायला आला, केवढा मान. मंगल बाहेर आली. अक्कासारखीच उंच, पदर तसाच कमरेला खोचलेला. तिने दोघांना वाकून नमस्कार केला, पाणी दिलं, चहा केला. सासूने तिची पिशवी भरायलाही घेतली. नाना म्हणाला, "चल, मंगल. मायनी जागावर मी शे."

मंगलने कपबश्या उचलल्या, आत ठेवून आली आणि उंबऱ्यात उभी राहिली. "नाना, येत्या अधिवेशनमा तुम्ही सांगशात का," ती म्हणाली, "मन्ही मायनी विहीर तुम्हना पाईपमुये आटनी म्हनीसन?"

नानाने कपाळावरचा घाम पुसला. "मंगल, ते इतलं सोपं नही शे, बेटा. मी तुन्हा भाऊकरता चांगला वकील देस. मायले घर बांधी देस दुसरीकडे. पन ते..."

"मंग मी कशी येऊ?" मंगल म्हणाली. रागाने नाही. खरंच विचारत होती, की अशी मी येऊ तरी कशी. तिचे डोळे भरले होते. वर्षभर वाट पाहिलेला मुराळी दारात होता आणि तिला जाता येत नव्हतं.

आम्ही गाडीत येऊन बसलो. नानाने किल्ली फिरवली नाही. मग म्हणाला, "चल. वहिनी वाट देखत व्हई." मी दार उघडलं, मागच्या सीटवरची पिशवी घेतली आणि खाली उतरले. तो माझ्याकडे बघत राहिला. आमची आई गेल्यापासून माहेरचं असं तेच एक माणूस आहे मला. मी उघड्या दारातून वाकून सांगितलं.

"तिले माहेर नही ना, मंग माले बी नही, नाना."

स्टँडवरून ती गल्ली दिसत होती; मी असोद्याकडची गाडी पकडेपर्यंत त्याची गाडी मंगलच्या दारापुढून हलली नव्हती.